पाठवणीचं रजिस्टर

"धुळ्याचा जनरेटर किती वर्षांचा?"

नथूआबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव-गाव नाही, शिक्षण नाही, चहा घेणार का, तेही नाही. मी सी.ए.च्या परीक्षेत दोनदा आपटून, आता निदान नोकरी तरी धरावी म्हणून चाळीसगावहून जळगावला आलेलो. अंगात नवा शर्ट, डोक्यात अर्धवट पुस्तकं. समोर धुळ्याच्या कंपनीची फाइल होती. ती उघडून मी जनरेटर कोणत्या साली आला ते पाहिलं आणि ठसक्यात म्हणालो, "तीन."

"अकरा," आबा म्हणाले. "आठ वर्षं इथं जळगावात चालला, मग तिकडे गेला. लेक सासरी गेली म्हणजे तिचं वय पुन्हा एकपासून मोजतात का?"

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "कुठला तू?" विचारलं, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'चाळीसगाव' पडलं. "ए चाळीसगाव, इकडे ये." पुढे मी त्यांच्या वरच्या पगारावर गेलो, माझ्या टेबलावर नावाची पाटी आली, तरी ते नाव बदललं नाही.

आमच्या मालकांच्या दोन कंपन्या होत्या. जळगावला कपाशीचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं काम, आणि धुळ्याला त्या सरकीचं तेल काढायची मिल. मालक दोघे सख्खे भाऊ. जळगाव मोठे भाऊ बघायचे, धुळं लहान भाऊ. कागदावर कंपन्या दोन, पण दोन्हींत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. त्यामुळे यंत्रं सारखी इकडून तिकडे जायची. हंगामात जळगावला मोटर कमी पडली की धुळ्याहून यायची, तिकडे बॉयलर बसला की इकडचा पंप जायचा. घरातली पातेली जावा-जावांकडे जातात-येतात तसं. फरक एवढाच की पातेल्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि यंत्राची ठेवावी लागते, कारण प्रत्येक कंपनीचं पुस्तक वेगळं.

ही नोंद कशी करायची यावर मी नंतर दुसरीकडेही बरेच चमत्कार पाहिले. एक कंपनी दुसरीला जुनं मशीन वाटेल त्या भावात 'विकते', हिच्या पुस्तकात नफा फुगतो, तिच्या पुस्तकात मशीन नवंकोरं होतं, आणि मालक मात्र तोच, त्याच खुर्चीत. आबांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मालक बदलला नाही तर विक्री झालीच नाही. मशीन पहिल्या पुस्तकात ज्या किमतीला उभं आहे, त्याच किमतीला दुसऱ्या पुस्तकात जाणार. जेवढं झिजलं तेवढी झीजही बरोबर जाणार. "स्वतःलाच विकून कोणी पैसेवाला झालाय का?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं पान उलटायचे. हेच मी परीक्षेसाठी चाळीस पानांत वाचलं होतं, आणि कळलं मात्र नव्हतं.

यासाठी त्यांनी एक रजिस्टर ठेवलं होतं. लांबट, लाल कापडी बांधणीचं, वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'पाठवणी'. प्रत्येक यंत्राला एक पान. ते कधी घेतलं, केवढ्याला, दरवर्षी किती घसारा कापला, कुठे वेल्डिंग केलं, कधी कुठे पाठवलं, सोबत काय काय दिलं. यंत्र परत आलं की समोर लिहायचे, 'माहेरी आलं'. मुंबईहून आलेल्या एका ऑडिटरनं हा शब्द वाचून मला हळूच विचारलं होतं, "हे कुठलं खातं?" ताळेबंदात सगळी यंत्रं मिळून एकच आकडा असायचा. त्यातलं कोणतं किती म्हातारं, हे फक्त या रजिस्टरात.

आबा पाचोऱ्याजवळच्या एका गावचे. शेती थोडी, भाऊ तीन. मालकांच्या वडिलांनी त्यांना काट्यावर कापूस तोलायला ठेवलं होतं, तिथून ते स्वतःच्या जोरावर हिशेबात आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, टोपी, आणि या पांढऱ्यावर कायम कुठे ना कुठे ग्रीसचा डाग. कारण यंत्राला हात लावल्याशिवाय त्याच्याबद्दल एक ओळ लिहायची नाही असा त्यांचा नेम होता. त्यांच्या बायको डागांवरून त्यांना बोलायच्या, असं ते स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगायचे.

दुसरा नेम असा, की एकट्यानं लिहिलेली नोंद ही नोंदच नाही. ते लिहायचे, मग मला बोलवायचे, मोठ्यानं वाचायचे, आणि मी शेजारी लाल पेनानं बरोबरची खूण करायची. कितीही घाई असो. "मी लिहिलं, तू पाहिलं, तेव्हा ते झालं," असं म्हणायचे. माझ्या आधी ही खूण करायला दुसरा कारकून होता. तो एकदा पंधरा दिवस आजारी पडला, तर आबांनी त्या पंधरा दिवसांच्या नोंदी पेन्सिलनं लिहून ठेवल्या होत्या. मला तेव्हा हे सगळं फार गमतीचं वाटायचं. कॉम्प्युटरवर सगळं होत असताना हा म्हातारा मला समोर उभं करून पान्ह्यांची यादी वाचून दाखवतो, म्हणून मी घरी बायकोला नक्कल करून दाखवायचो. नक्कल बरी जमायची.

पान्ह्यावरून आठवलं. यंत्र धुळ्याला निघालं की आबा स्वतः ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायचे. मांडीवर रजिस्टर, पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. निघण्याआधी यंत्राला हळद-कुंकू लावायचे आणि सोबतच्या वस्तूंची यादी तीन प्रतींत करायची: पट्टे, पान्हे, तेलाची बुधली, झाकणं. एकदा धुळ्याला पोहोचल्यावर यादीत दोन पान्हे आणि प्रत्यक्षात एकच. ड्रायव्हरनं पारोळ्याला टायर बदलताना एक वापरला होता आणि पंक्चरवाल्याकडेच विसरला होता. आबा तसेच एस.टी.नं पारोळ्याला गेले, तासभर पंक्चरवाल्याशी वाद घातला, आणि टॉवेलात गुंडाळलेला पान्हा घेऊन संध्याकाळपर्यंत परत धुळ्याला हजर.

लहान भाऊ पोट धरून हसले. "आबा, अहो शंभर रुपयांचा पान्हा! त्याच्यापेक्षा तुमचं तिकीट आणि चहा जास्त झाला."

"पान्हा शंभरचाच आहे भाऊ," आबा म्हणाले, "पण यादी खोटी झाली असती."

लहान भाऊ हसायचे थांबले आणि त्यांनी आबांसाठी स्वतः उठून पाणी आणलं. त्या दोघांचं तसंच होतं. लहान भाऊ शाळेत असताना त्यांना सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचं काम आबांकडे असायचं. जळगावला आले की लहान भाऊ आधी आबांच्या टेबलाशी जाऊन वाकायचे आणि मग मोठ्या भावाच्या केबिनमध्ये. हे मोठ्या भावांना आवडायचं की नाही, मला सांगता येणार नाही.

आबांच्या स्मरणशक्तीचा मात्र सगळ्यांनाच धाक होता. तोच मुंबईचा ऑडिटर, भर मे महिन्यात जळगावात टाय लावून आलेला, दुसऱ्या दिवशी रजिस्टर मिटून म्हणाला, "बघू या तुमची परीक्षा." आणि अंगणातल्या एका मोटरकडे बोट दाखवून तिचा नंबर विचारला. आबांनी डोळे मिटले आणि सात आकडी नंबर घडाघडा सांगितला. ऑडिटर वाकून पट्टी वाचायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. "शेवटचा आकडा चुकला. सहा नाही, आठ आहे."

आबा शांतपणे उठले. खिशातून किल्ली काढली, पट्टीवर साचलेला रंग खरवडला, फुंकर मारली. सहा होता. ऑडिटरनं टाय सैल केला. त्या रात्री त्यानं आमच्याकडून भरीत-भाकरीचं जेवण घेतलं आणि तीन वेळा विचारलं, तुम्ही हे कसं करता? आबांनी त्याला सांगितलं नाही, पण मला सांगितलं. "आकडा मी लक्षात ठेवतच नाही रे. मी मशीन लक्षात ठेवतो. डोळे मिटले की ती समोर उभी राहते. मग तिच्या अंगावरचं वाचायचं, बस."

अशा माणसाचं डोकं मी बिघडवलं. आता ते सांगतो.

मोठ्या भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. लहान भाऊंना तोवर कल्पना नव्हती, मला होती, कारण आकडे मीच काढत होतो. जळगाव मोठ्यांकडे राहणार, धुळं लहानांकडे, ज्याची कंपनी त्याचं तिचं देणं-घेणं. मोठे भाऊ वाईट नव्हते. माझ्या फ्लॅटच्या कर्जाला जामीन तेच राहिले होते, माझ्या मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दोन तास तेच बसले होते. वाईट माणसानं सांगितलं असतं तर मी कदाचित नाही म्हणू शकलो असतो. पण हेही मी स्वतःला बरं वाटावं म्हणूनच सांगतो आहे.

आमच्या जळगावच्या आवारात तेल काढायचे तीन जुने एक्स्पेलर पडून होते. आबांच्या पुस्तकात त्यांची किंमत जवळजवळ संपलेली. आबा पुतण्याच्या लग्नासाठी आठ दिवस गावी गेले, त्या आठ दिवसांत एक्स्पेलरना हिरवा रंग लागला, नवे पट्टे चढले, आणि ते धुळ्याला गेले. एका मूल्यांकनवाल्याचा दाखला आला, 'नूतनीकरण केलेले'. त्या दाखल्याच्या जोरावर मी कॉम्प्युटरवर ते जवळजवळ नव्याच्या भावात धुळ्याला टाकले आणि तेवढी रक्कम धुळ्याकडून जळगावला येणं दाखवली. वाटणी होईल तेव्हा लहान भाऊंच्या वाट्याला तीन म्हातारे एक्स्पेलर आणि त्यांच्या नव्या किमतीचं कर्ज. हे मला त्या क्षणी लख्ख माहीत होतं. मी एन्टरचं बटण दाबलं, मग उठून चहा प्यायलो.

आबा लग्नाहून परतले, आवारात एक्स्पेलर दिसले नाहीत तसे थेट धुळ्याला जाऊन आले. पायजम्याच्या गुडघ्याला हिरवा रंग लागला होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. रजिस्टर काढलं, तिन्ही एक्स्पेलरची पाठवणी त्यांच्या जुन्या किमतीला लिहिली, वेल्डिंगची तारीख लिहिली, 'रंग नवा' असंही लिहिलं. मग नेहमीसारखं मला बोलावून मोठ्यानं वाचलं. मी लाल पेनानं खूण केली. तिन्ही नोंदींना. कॉम्प्युटरमध्ये एक आणि रजिस्टरात दुसरं, दोन्हीकडे माझाच हात.

मग मोठ्या भावांनी रजिस्टर मागितलं. "वकिलांना दाखवायचंय," एवढंच म्हणाले. आबा जेवायला गेले होते. मी कपाट उघडलं आणि नेऊन दिलं. परत कधी येणार, असं मी विचारलं नाही.

वाटणीची बैठक जळगावच्याच ऑफिसात झाली. दोघे भाऊ, मध्यस्थ म्हणून त्यांचे मामा, कागद द्यायला मी. लहान भाऊंनी कागद पाहिले, एक्स्पेलरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मला कळत नाही. पण आबांना बोलवा. आबा सांगतील ते मला मान्य."

आबा आले. उभ्यानंच ऐकलं आणि उभ्यानंच सांगितलं, तिन्ही यंत्रांची वर्षं, झीज, कुठल्या दांड्याला वेल्डिंग. त्यांची आता किंमत भंगाराइतकी. मामांनी मान हलवली. मग मोठे भाऊ अगदी आदरानं म्हणाले, "आबा, तुमचं बरोबर असेल. पण कागद?"

"पाठवणीच्या रजिस्टरात आहे ना," आबा म्हणाले आणि आणायला गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग सगळी कपाटं उघडल्याचा. बराच वेळ गेला. आबा परत आले तेव्हा टोपी हातात होती.

"लाल बांधणीचं आहे. तिथंच होतं."

मोठे भाऊ माझ्याकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं इथं आहात. असं काही रजिस्टर आहे का?"

मला वाटलं होतं की हा प्रश्न येणार नाही. येईल तर काय बोलायचं, हे मी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून वाक्य असं निघालं की जणू पाठ केलेलं. "तसं वेगळं रजिस्टर नाही. आबा कधी कधी वहीत टिपणं काढायचे. रद्दीत गेली असतील."

आबा माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, निदान एक शिवी देतील. ती मी घेतली असती. पण त्यांच्या नजरेत राग नव्हता. बेरीज जुळत नसली की ते जसे आकड्यांकडे बघायचे तसं माझ्याकडे बघत होते. ऑफिसात ते कधी गावची बोली बोलत नसत, तेव्हा बोलले.

"तू नई म्हणस?"

मी खाली पाहिलं.

"मग मन्हीच चूक व्हई," आबा म्हणाले. लहान भाऊंकडे वळून त्यांनी हात जोडले. "भाऊ, वय झालं. मी जे बोललो ते धरू नका."

मामा म्हणाले, होतं असं या वयात. लहान भाऊंनी सही केली. मला तेव्हा वाटलं की आबांनी माघार घेतली, भांडण नको म्हणून. मनात म्हटलं, बरं झालं, म्हातारा शहाणा आहे. खरं काय झालं होतं ते समजायला मला पुष्कळ दिवस लागले. ज्या नोंदीला दुसऱ्यानं पाहिलेलं नाही ती नोंद झालीच नाही, हा त्यांचाच नेम होता. पाहणारा मी. मी म्हणालो पाहिली नाही, आणि त्यांनी स्वतःचे डोळे, स्वतःचा हात, सगळं बाजूला ठेवून माझं खरं मानलं.

महिनाअखेरीला त्यांनी नोकरी सोडली. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला, अकरा किल्ल्या मोजल्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदा मोजून जुडगा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "बरोबर शेतस ना?" मी मोजल्याचं नाटक केलं आणि हो म्हणालो. मोजायला मला धीर नव्हता.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्या गावी गेलो नाही. पाचोऱ्यावरून चाळीसगावला कितीदा गेलो असेन, गाडी पाचोऱ्याला थांबली की मी पेपर वाचत बसायचो. धुळ्याची मिल एका हंगामात दोन महिने बंद राहिली. जुन्या एक्स्पेलरचा दांडा तुटला, वर आमच्या कंपनीचा हप्ता द्यायचा होता. लहान भाऊंनी बायकोच्या नावावरचा प्लॉट विकला. तो हप्ता आला तेव्हा त्याची पावती मीच फाडली.

मग आबांच्या सूनबाईंचा फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जा. ते सारखं म्हणतात, चाळीसगावला बोलवा, त्याला दाखवल्याशिवाय होणार नाही."

काय दाखवायचं आहे, ते त्यांनाही धड माहीत नव्हतं. मला वाटलं, रजिस्टर सापडलं. जाताना बसमध्ये भीती होतीच, आणि त्यातच कुठे तरी सुटल्यासारखंही वाटत होतं. सापडलं असेल तर बरंच, आपल्याला बोलावं लागणार नाही.

आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. शर्ट पांढराशुभ्र, एकही डाग नाही. मला पाहून चेहरा उजळला. "ये भो चाळीसगाव. बठ."

सूनबाईंनी चहा आणला. आबांनी कप हातात घेतला आणि त्यांना विचारलं, "मी आज घेतला का चहा?" त्या म्हणाल्या, "सकाळी घेतला आबा, हा दुसरा." मग ते प्यायले. मी कप ठेवायला आत गेलो तेव्हा सूनबाई मला हळूच म्हणाल्या की पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोक्याचा काहीच आजार नाही. "सगळं बरोबर सांगतात, भाऊ. पण सांगितल्यावर विचारतात, बरोबर आहे ना? किती भाकरी खाल्ल्या, दार लावलं का, सगळं विचारतात. बाजारात एकटे जात नाहीत. म्हणतात, माझा भरवसा नाही."

आबांना दोन मुलगे. त्यांच्यात घरातल्या वस्तूंची वाटणी करायची होती आणि आबांनी यादी केली होती. शाळेच्या वहीत, त्याच टपोऱ्या अक्षरात, पण पेन्सिलनं. पाण्याची मोटर, लोखंडी पेटी, तांब्याचा हंडा, फवारणीचा पंप, दोन खाटा. प्रत्येकापुढे साल आणि काय दुरुस्ती झाली ते.

"एकदाव देखी ले," ते म्हणाले. "तू देखं का मंग पेननं लिखसू."

आम्ही घरभर फिरलो. मी वस्तू पाहत होतो, ते वाचत होते. मोटरचा नंबर त्यांनी न बघता सांगितला आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. बरोबर होता. हंड्याला खाली डाग दिलेला होता, लिहिलं होतं तसाच. एक चूक नव्हती. तुमच्यात काही बिघडलेलं नाही आबा, असं मी म्हणालो, आणि मग मला पुढे गप्प राहता येईना.

"आबा, रजिस्टर होतं," मी म्हणालो. "लाल बांधणीचं. कपाटातच होतं. मी काढून मोठ्या भावांना दिलं. एक्स्पेलरच्या नोंदी मी पाहिल्या होत्या, तिन्हींना खूण मीच केली. त्या दिवशी मी खोटं बोललो."

तीन वर्षं हे वाक्य मी पुष्कळ प्रकारे घोळवलं होतं, पण बोलून संपायला मिनिटसुद्धा लागलं नाही. आबा खाटेवर बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हसले. खरोखर प्रेमानं हसले.

"तू मन्हा मन राखाले बोली राहिना."

"नाही आबा, शपथ घेतो."

"शपथ नको घेऊ." हात थोपटत ते म्हणाले, "लहान भाऊले सांगं का तू हाई?"

मी पुन्हा खाली पाहिलं.

"नई ना? मंग कसं खरं?" पुस्तकातला साधा ताळा दाखवावा तसं त्यांनी दाखवलं. खरं असतं तर मी आधी धुळ्याला गेलो असतो, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे. इथं येऊन म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं नसतं. आणि मग ते जे बोलले ते मला मरेपर्यंत पुरेल. "तू खोटं नई बोलस, माले माहीत शे. आज मन्हासाठी बोलना. आते परत नको बोलू."

मी हात सोडवून घेतला. सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. आबांनी मला यादीवर खूण करायला सांगितली, मी केली. रंग लाल नव्हता, माझ्याकडे साधं निळं पेन होतं. त्यांनी ते चालवून घेतलं.

त्यानंतर मी दोनदा धुळ्याच्या बसमध्ये बसलो. एकदा एरंडोलला उतरून परत आलो. दुसऱ्यांदा धुळ्यापर्यंत पोहोचलो, मिलच्या फाटकासमोरच्या टपरीवर दोन चहा प्यायलो, लहान भाऊंची गाडी आत जाताना पाहिली आणि तसाच परत फिरलो. नोकरी अजून तीच आहे. फ्लॅटचे हप्ते संपायचे आहेत. ही कारणं नाहीत, हे मला कळतं.

त्या दिवशी निघताना आबा मला फाट्यापर्यंत सोडायला येतो म्हणाले. सूनबाई नको म्हणत होत्या, ऊन होतं. पण ते उठले, टोपी घातली, ओट्याच्या पायरीवर आले. खाली चपलांचे चार-पाच जोड पडले होते. त्यातल्या एकात त्यांनी पाय घातले आणि तिथंच थांबले. मी पुढे निघालो होतो, मागे वळून पाहिलं. ते पायांकडे बघत होते.

"बाई," त्यांनी आत हाक मारली, "हाई चप्पल मन्हीच शे ना?"

सूनबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हो आबा, तुमचीच आहे." तेव्हा त्यांनी पाऊल उचललं.